गावाची पहिली शाळा आणि तिचे मोजमाप

सरकारी योजनेचे यशापयश जोखण्याची एक ठरावीक रीत आपल्याकडे रूढ झाली आहे. केंद्रे किती उघडली, लाभार्थी किती नोंदले, निधी किती टक्के खर्ची पडला, हे तीन रकाने भरले की योजना यशस्वी म्हणावयाची आणि पुढच्या योजनेच्या उद्घाटनाला निघावयाचे. या हिशेबात मूळ प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो : ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, त्याच्या पदरात नेमके काय पडले? अंगणवाडीच्या बाबतीत हा प्रश्न विचारण्याची वेळ केव्हाच येऊन ठेपली आहे. कारण तेथील लाभार्थी तीन ते सहा वर्षांचा आहे. त्याला अर्ज करता येत नाही, मोर्चा काढता येत नाही. आणि त्याचे जे नुकसान होते ते दहा वर्षांनी दहावीच्या निकालात, किंवा त्याआधीच शाळा सोडून गेलेल्यांच्या यादीत उघडकीस येते. तोवर दोष कोणाचा हे सांगणे कोणालाच शक्य नसते.

हा विचार हवेत राहू नये म्हणून एक गाव डोळ्यांपुढे ठेवू. बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेड राजा तालुक्यात, मेहकरहून सिंदखेड राजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुसरबीड हे गाव आहे. जिजामाता सहकारी साखर कारखान्यामुळे एके काळी त्याचे नाव जिल्ह्याबाहेर पोहोचले होते. पुढे तो कारखाना बंद पडला आणि गाव पुन्हा कापूस, सोयाबीन, तूर आणि पावसाची वाट यांवर येऊन ठेपले. राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान येथून जवळच. दर वर्षी १२ जानेवारीला सिंदखेड राजाला जनसागर लोटतो आणि आई हाच मुलाचा पहिला गुरू, हे वाक्य व्यासपीठावरून पुनःपुन्हा ऐकू येते. वाक्य खरेच आहे. परंतु त्याच तालुक्यातील शेतमजूर बाई सकाळी भाकरी बांधून निंदणाला, सोंगणीला किंवा कापूस वेचायला जाते ती दिवेलागणीला परत येते. पहिला गुरू दिवसभर दुसऱ्याच्या वावरात असेल, तर शिष्याने कोणाकडे जावे?

याचे उत्तर म्हणूनच अंगणवाडी आली. आणि याच प्रश्नापाशी आज दुसरबीडसारख्या प्रत्येक गावात दोन वाटा फुटलेल्या दिसतात. एक वाट गावातल्या अंगणवाडीकडे जाते. ती विनामूल्य आहे, जवळ आहे, तेथे खाऊ मिळतो. दुसरी वाट वऱ्हाडात ज्याला सरसकट ‘कॉन्व्हेंट’ म्हणतात त्या खाजगी इंग्रजी बालवर्गाकडे जाते. तेथे फी आहे, गणवेश आहे, टाय आहे, न्यायला-आणायला गाडी आहे. ज्याच्या गाठीला चार पैसे आहेत तो दुसऱ्या वाटेने जातो. ज्याच्या गाठीला नाहीत तोही उसने काढून त्याच वाटेला लागतो. मागे राहतात ती ज्यांना दुसरा इलाजच नाही त्यांची मुले. सार्वजनिक बालशिक्षणाची ही अवस्था का झाली, आणि ती पालटावयाची तर नेमके काय करावयास हवे, हा आजचा विषय.

अंगणात गेलेली शाळा

‘अंगणवाडी’ हा शब्द आज देशातील साऱ्या भाषांनी उचलला आहे. पण तो जन्मला महाराष्ट्राच्या मातीत, याचे स्मरण आपल्याला फारसे उरलेले नाही. मारिया मॉन्टेसोरी यांनी १९०७ साली रोमच्या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. त्यांच्या विचारांचा संस्कार घेऊन गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले. त्यांना येऊन मिळाल्या ताराबाई मोडक. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. परंतु बालमंदिर ही शहरी, खाऊनपिऊन सुखी घरांतल्या मुलांचीच चैन राहणार असेल तर त्या चळवळीला अर्थ नाही, हे ताराबाईंच्या ध्यानी आले आणि १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले. अनुताई वाघ याच वेळी त्यांच्या सहकारी झाल्या.

बोर्डीत एक अनुभव आला. बालवाडी थाटली, पण ज्यांच्यासाठी ती थाटली त्या दलित वस्तीतील मुले तेथवर येईनात. तेव्हा मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, असा निर्णय या दोघींनी घेतला. मुलांना न्हाऊ-माखू घालणे, गोष्टी सांगणे, गाणी म्हणणे, पाने-फुले-शिंपले-बिया हीच साधने करून मोजणे आणि निवडणे शिकविणे, हे सारे वस्तीच्या अंगणात सुरू झाले. तीच अंगणवाडी. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री. हे सन्मान योग्यच होते. पण त्यांच्या कामाचा खरा गाभा सन्मानात नसून एका साध्या सिद्धान्तात आहे. गरिबाच्या मुलाला महागडी साधने लागत नाहीत. त्याच्याशी बोलणारे, त्याच्याबरोबर खेळणारे, शिकलेले एक मोठे माणूस लागते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्राला अंगणवाडी हे नाव दिले. आज देशात सुमारे चौदा लाख आणि महाराष्ट्रात सुमारे एक लाख दहा हजार अंगणवाड्या आहेत. एवढा प्रचंड विस्तार जगात क्वचितच कोणत्या बालयोजनेचा झाला असेल. त्याबद्दल अभिमान जरूर बाळगावा. मात्र बोर्डीच्या अंगणातून सरकारी दप्तरात येताना ‘अंगण’ तेवढे आले आणि त्या अंगणातले शिकणे वाटेत कोठे तरी सांडले, हेही मान्य करावयास हवे.

एक सेविका आणि सहा सेवा

योजनेत सहा सेवा नमूद आहेत : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, आजारी मुलाला पुढे दवाखान्यात पाठविणे, मातांना आहार व आरोग्याचे शिक्षण, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना पूर्वप्राथमिक शिक्षण. या सहाही सेवांची वाहक एकच सेविका आणि तिच्या हाताखाली एक मदतनीस. साधारणतः चारशे ते आठशे लोकवस्तीमागे एक अंगणवाडी, असा निकष आहे. म्हणजे नुकत्या जन्मलेल्या बाळापासून गरोदर बाईपर्यंत साऱ्यांची काळजी या दोघींच्या शिरावर.

तिच्या सकाळीचा हिशेब मांडून पाहा. मदतनीस घरोघर जाऊन मुले गोळा करते तोवर सेविकेने केंद्र उघडून हजेरी घ्यावयाची. आहार शिजवून वाढावयाचा किंवा बचत गटाकडून आलेला मोजून घ्यावयाचा. महिन्याची वजने, उंची, तक्ता. लसीकरणाचा दिवस असेल तर माता आणि बाळे जमवावयाची. गृहभेटी. घरपोच आहाराचे वाटप आणि त्याच्या सह्या. याखेरीज वेळोवेळी कोणते ना कोणते सर्वेक्षण, मतदार यादीचे काम, पोलिओ मोहीम. २०२४ साली ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज भरण्याची वेळ आली तेव्हाही सरकारला प्रथम आठवली ती अंगणवाडी सेविकाच. गावात जे काम कोणाचेच नाही ते तिचे, असा जणू अलिखित नियम आहे. या साऱ्यातून जो वेळ उरेल तो बालशिक्षणाचा. तो किती उरत असेल, हे सांगण्यास गणितज्ञ नको.

त्यात २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ या मोबाईल प्रणालीची भर पडली. नोंदी पारदर्शक व्हाव्यात हा हेतू चांगलाच होता. पण ज्या सेविकेला मराठीत काम करावयाचे तिच्या हाती इंग्रजी पडदा आणि दुबळा मोबाईल देण्यात आला. त्या वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरातील सेविकांनी ते मोबाईल सरकारला परत केले. वर्तमानपत्रांत ती आंदोलनाची एक बातमी म्हणून छापून आली आणि विरून गेली. वस्तुतः त्या मागणीत एक शैक्षणिक तत्त्व दडलेले होते : माणसाला त्याच्या भाषेत काम करू द्या. मुलांना मातृभाषेत शिकवा असे सांगणाऱ्या यंत्रणेने मुलांच्या शिक्षिकेकडून परभाषेत नोंदी मागाव्यात, हा विरोधाभास कोणाच्याच लक्षात आला नाही.

आणि मोबदला? सेविकेला पगार नसतो, मानधन असते. महाराष्ट्रात २०२३ साली ते दरमहा दहा हजार रुपये आणि मदतनिसाचे साडेपाच हजार रुपये करण्यात आले. तेवढ्यावर भागत नाही म्हणून ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातील अंगणवाड्या बंद पडल्या, त्या जानेवारी २०२४ च्या अखेरीपर्यंत. नंतर मानधनात आणखी वाढ झाली. पण ती सरकारी कर्मचारी नाही, मानसेवी आहे, हा मूळ पेच कायमच राहिला. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निर्णय दिला, त्यातील एक विचार शिक्षकवर्गाने मुद्दाम लक्षात घ्यावा असा आहे. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना पूर्वप्राथमिक शिक्षण दिले जाते, ते शैक्षणिक कार्य आहे, असे न्यायालयाने मानले. देशाच्या सर्वोच्च न्यायासनाला जी शिक्षिका म्हणून दिसली ती गावाला मात्र अद्याप ‘खिचडीवाली बाई’ म्हणूनच दिसते.

दोन खोट्या फूटपट्ट्या

अंगणवाडीचे काम चांगले की वाईट, हे ठरविण्यास सध्या दोन फूटपट्ट्या वापरात आहेत. पहिली सरकारची. ती किलोग्रॅममध्ये आणि नोंदींमध्ये मोजते. ही फूटपट्टी निरर्थक आहे असे कोणी म्हणणार नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि ३६.१ टक्के मुले वयाच्या मानाने कमी वजनाची होती. प्रगत म्हणविणाऱ्या राज्याने मान खाली घालावी असे हे आकडे आहेत. उपाशी मूल शिकत नाही, म्हणून आहाराला अग्रस्थान हवेच. आणि या आहारावर आपण किती खर्च करतो? २०१७ साली केंद्राने सर्वसाधारण मुलामागे रोजचा दर सहा रुपयांवरून आठ रुपये केला. आठ रुपयांत चहाचा एक कप येतो. पण एवढे सारे खरे धरूनही, केवळ वजन वाढले म्हणजे मूल वाढले असे होत नाही. वजनकाट्याला मुलाची भाषा, त्याचे कुतूहल, त्याचा धीटपणा मोजता येत नाही.

दुसरी फूटपट्टी पालकांची. ती पाढे आणि ‘एबीसीडी’ मोजते. चार वर्षांच्या मुलाने पाहुण्यांपुढे इंग्रजी गाणे हातवारे करून म्हटले की आईबापांचा ऊर भरून येतो. त्यांना हसणे सोपे आहे. पण त्यांच्या मनातली भीती समजून घेतली पाहिजे. आपण वावरात खपलो, मुलाने खपू नये, एवढीच त्यांची इच्छा असते. नोकरीच्या दारावर इंग्रजीचा पहारा बसला आहे हे त्यांनी स्वतः अनुभवलेले असते. शिवाय अंगणवाडीत मूल काय शिकते, असे विचारले तर त्यांना दाखविण्यासारखे तेथे काही नसते. कॉन्व्हेंटमध्ये निदान वही भरलेली दिसते. वही भरलेली दिसते म्हणून मूल शिकले असे नव्हे, हे आपण त्यांना कधी समजावून सांगितले?

तीन वर्षांच्या मुलाच्या बोटांचे स्नायू लेखणी धरण्याइतके तयार झालेले नसतात. त्याने माती मळावी, मणी ओवावेत, कागद फाडावेत, भिंतीवर रेघोट्या ओढाव्यात. त्यातूनच उद्याचे अक्षर घडते. संख्येचेही तसेच. शंभरपर्यंतचे आकडे म्हणून दाखविणाऱ्या मुलाला पाच चिंचोके मोजून दे म्हटले तर ते पुष्कळदा गोंधळते. कारण ते मोजावयास शिकलेले नसते, म्हणावयास शिकलेले असते. भाषेची गोष्ट तर याहून गंभीर आहे. घरी वऱ्हाडी बोलणारे, तांड्यावर गोरमाटी बोलणारे किंवा दखनी-उर्दू बोलणारे मूल जेव्हा तिसऱ्याच वर्षी जिला इंग्रजी स्वतःलाच धड येत नाही अशा बाईसमोर इंग्रजी ऐकत बसते, तेव्हा ते दोन भाषा शिकत नाही. ते गप्प बसावयास शिकते. वर्गात गप्प बसण्याची ही सवय पुढे दहावीपर्यंत पाठ सोडत नाही, हे कोणत्याही प्रामाणिक शिक्षकाला विचारा.

दोन्ही फूटपट्ट्यांनी मोजूनही मूल न मोजलेलेच राहते, याचा पुरावा पुढच्या वर्गांत मिळतो. २०२४ च्या ‘असर’ अहवालानुसार ग्रामीण भारतातील तीन वर्षांच्या मुलांपैकी ७७.४ टक्के मुले कोणत्या ना कोणत्या पूर्वप्राथमिक केंद्रात दाखल होती. ही चांगलीच प्रगती होय. परंतु त्याच अहवालात सरकारी शाळांतील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचू शकणारी मुले केवळ २३.४ टक्के आढळली. २०२२ साली हे प्रमाण १६.३ टक्के होते, म्हणजे सुधारणा झाली हे मान्य; तथापि चारांतील तीन मुले अजूनही अडखळतातच. ही दोन आकड्यांतील मुले एकच नव्हेत, हे खरे. पण नाव नोंदले जाणे आणि शिकणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढे तरी त्यावरून स्पष्ट व्हावे. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

वेळ द्या, माणूस द्या

मग करावयाचे काय? सुदैवाने याचे उत्तर अंधारात चाचपडण्याची गरज नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यातील इप्सिलांटी या गावी १९६२ साली गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ मुलांवर एक प्रयोग सुरू झाला. त्यातील ५८ मुलांना उत्तम बालशाळा मिळाली, उरलेल्यांना मिळाली नाही. संशोधकांनी या मुलांचा माग त्यांच्या चाळिशीपर्यंत ठेवला. ज्यांना बालशाळा मिळाली ती अधिक शिकली, अधिक कमावती झाली आणि तुरुंगाच्या वाटेला कमी गेली. बालशिक्षणावर होणारा खर्च हा दानधर्म नसून भांडवल आहे, हा विचार जगभर पसरला तो मुख्यतः या प्रयोगामुळे.

अमेरिका दूरची म्हणून हे उदाहरण कोणी बाजूला सारील. त्यांच्यासाठी आपल्याच देशातील दाखला आहे. तमिळनाडूत ३२० अंगणवाड्यांवर एक काळजीपूर्वक अभ्यास करण्यात आला. त्यांतील काही केंद्रांत केवळ बालशिक्षणासाठी अर्ध्या वेळेची एक जादा सेविका नेमण्यात आली, बाकी सारे होते तसेच ठेवले. परिणाम असा की मुलांना प्रत्यक्ष शिकविण्याचा वेळ दुपटीने वाढला, मुलांची भाषा आणि गणित सुधारले आणि, ज्याची फारशी अपेक्षा नव्हती, कुपोषणही घटले. कारण पहिल्या सेविकेला आहार आणि आरोग्याकडे लक्ष देण्यास उसंत मिळाली. नवी इमारत नाही, परदेशी साधने नाहीत, केवळ आणखी दोन हात. ताराबाई-अनुताईंचा तो साधा सिद्धान्तच आकडेवारीच्या भाषेत पुन्हा सिद्ध झाला असे म्हणावयास हरकत नाही.

कायद्याच्या बाजूनेही आता वाट पुरती बंद नाही. २००२ सालच्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ४५ बदलला आणि सहा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या संगोपन-शिक्षणासाठी राज्याने प्रयत्न करावेत असे घातले. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. पण तो सहा ते चौदा या वयाला हक्क देतो आणि तीन ते सहा या वयासाठी, कलम ११ मध्ये, सरकार व्यवस्था ‘करू शकेल’ एवढेच म्हणतो. ‘करील’ आणि ‘करू शकेल’ या दोन शब्दांतील अंतरात देशाची कोट्यवधी मुले अडकून पडली आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला, ही स्वागतार्ह गोष्ट. २०२३ साली ‘पोषणही, शिक्षणही’ अशी घोषणा झाली, तीही योग्यच. पण घोषणेने सेविकेच्या दिवसाचे तास वाढत नाहीत. सहा सेवा त्याच, सेविका तीच आणि अपेक्षा मात्र सात, असे झाले तर ही वरातीमागून घोडी ठरेल.

येथे एका धोक्याचा इशारा द्यावयास हवा. कॉन्व्हेंटशी स्पर्धा करावयाची म्हणून अंगणवाडीलाच कॉन्व्हेंट करण्याचा मोह सरकारला आणि गावपुढाऱ्यांना पडण्याचा संभव आहे. भिंती रंगवा, इंग्रजी फलक लावा, मुलांना बूट-मोजे द्या आणि हातात पाटीऐवजी वही द्या, की झाली ‘स्मार्ट’ अंगणवाडी! स्वच्छ भिंत आणि मुलांच्या उंचीचे शौचालय जरूर हवे. पण खाजगी बालवर्गाचे जे सर्वांत वाईट, म्हणजे तीन वर्षांच्या जिवाला बाकावर जखडून ठेवणे, त्याचीच नक्कल सरकारी पैशाने करावयाची असेल तर त्यापेक्षा आजची खिचडी बरी.

गावाने काय करावे

सरकारने करावयाच्या गोष्टी स्पष्ट आहेत. प्रत्येक मोठ्या अंगणवाडीत बालशिक्षणासाठी स्वतंत्र दुसरी सेविका नेमावी. ते होईपर्यंत निदान रोजचे दोन तास राखीव करावेत. त्या दोन तासांत सेविकेला कोणतीही बैठक, कोणतेही सर्वेक्षण, कोणताही अर्ज लावू नये. दिवसभर वावरात असणाऱ्या आयांसाठी अंगणवाडीला पाळणाघराची जोड द्यावी. केंद्राच्या २०२२ सालच्या ‘पालना’ योजनेत त्याची सोय आहे, तिचा लाभ शहरांपुरता राहू नये. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे मूल फडावर गेले तरी त्याचे नाव आणि त्याचा घास तेथवर पोहोचावा. आणि खाजगी बालवर्गांनाही जागा, सुरक्षितता व शिक्षिकेची पात्रता यांचे किमान नियम लागू करावेत. दुकान थाटण्यास परवाना लागतो, तर बालवर्ग थाटण्यास तो का नको?

पैसा कोठून आणावयाचा, असा प्रश्न येईलच. तो खरा आहे. परंतु तिसरीत वाचता न येणाऱ्या मुलासाठी पुढे जे उपचारात्मक वर्ग, अभियाने आणि प्रशिक्षणे निघतात, त्यांवर पैसा खर्च होतोच की. पाया कच्चा ठेवून कळसाची डागडुजी करीत राहणे, हा काटकसरीचा मार्ग नव्हे.

मात्र सारे काही सरकारवर सोपवून मोकळे होणाऱ्यांत आपण नसावे. दुसरबीडसारख्या गावात ग्रामसभा भरते. तिच्यात रस्ता, नळ, घरकुल यांवर तास-तास चर्चा होते. वर्षातून एकदा तरी अंगणवाडी हा विषय पत्रिकेवर घ्यावा आणि सेविकेला उलटतपासणीसाठी नव्हे, तर गावाच्या पहिल्या शाळेची मुख्याध्यापिका म्हणून सन्मानाने बोलवावे. तिला तीन गोष्टी विचाराव्यात. गेल्या महिन्यात किती दिवस मुलांना दोन तास पुरते मिळाले? कोणती मुले अजून वर्गात बोलत नाहीत? तुम्हाला कोणत्या कामातून मोकळे करू? हे तीन प्रश्न म्हणजेच तिसरी, खरी फूटपट्टी. तिला यंत्र लागत नाही, मोबाईल लागत नाही. केवळ गावाचे लक्ष लागते. आणि ज्या गावाचे लक्ष असते तेथे वरच्या अधिकाऱ्याचेही लक्ष आपोआप जाते.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना येथे एक विनंती करावीशी वाटते. पहिलीत आलेले मूल कच्चे आहे, ही तक्रार आपण सर्वच करतो. पण जिल्हा परिषदेच्या शाळेतील पहिलीचे शिक्षक आणि जवळच्या अंगणवाडीची सेविका यांची वर्षातून किती वेळा भेट होते? पुष्कळ गावांत दोन्ही इमारती एकाच आवारात असतात आणि मध्ये कुंपण नसूनही कोणी ओलांडत नाही. शिक्षकाने महिन्यातून एक तास अंगणवाडीत गोष्ट सांगण्यासाठी दिला, तर त्याला उद्याचा विद्यार्थी कळेल आणि सेविकेला आपण एकटे नाही हे कळेल. आणि जे आमच्यासारखे लेखणीवर पोट भरणारे नोकरदार आहेत, त्यांनी स्वतःला आणखी एक अवघड प्रश्न विचारावा. गावातील शिकलेली, पगारदार मंडळी आपापली मुले कॉन्व्हेंटच्या गाडीत बसवितात आणि अंगणवाडीच्या दुरवस्थेवर व्याख्याने देतात. ज्या शाळेत बोलक्या पालकाचे मूल नाही, त्या शाळेचे बोलणारे कोणीच उरत नाही. अंगणवाडीची खरी घसरण कदाचित तेथूनच सुरू झाली.

जिजाऊंची पुण्याई सांगणाऱ्या या तालुक्याला बालसंगोपनाची महती नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. आपण त्या मातेचा गौरव करतो तो तिने मुलाला काय खाऊ घातले म्हणून नव्हे; तिने त्याच्याशी काय बोलणे केले, त्याला काय दाखविले, त्याच्या मनात काय पेरले, म्हणून. दुसरबीडच्या वस्तीवरील शेतमजूर आईलाही आपल्या लेकरासाठी नेमके तेच हवे आहे. तिला वेळ नाही. म्हणून तिने ते लेकरू सकाळी अंगणवाडीच्या दारात आणून सोडले आहे. ते तेथे चार घास खाऊन परत जाते की चार शब्द शिकून परत जाते, याची चौकशी करणे हे उरलेल्या गावाचे कर्तव्य आहे. ती चौकशी येत्या ग्रामसभेपासूनच सुरू व्हावी.